आठव्या आठवड्यातलं रक्त

शिओनोगी या जपानी औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत उंदरांची जी पैदास चालली होती, ती मधुमेहासाठी नव्हती. मोतीबिंदू होणाऱ्या उंदरांचा एक वाण तिथे सख्ख्या भावंडांचं मीलन घडवून पिढ्यान् पिढ्या शुद्ध केला जात होता. सहाव्या पिढीत त्यातून दोन शाखा वेगळ्या काढल्या गेल्या. एका शाखेत उपाशीपोटी साखर थोडी चढलेली असे, तर दुसरीत ती अगदी नेमकी. पहिल्या शाखेतून कधीतरी मधुमेही उंदीर हाती लागेल अशी आशा होती आणि दुसरी नुसती तुलनेसाठी ठेवली होती. १९७४ मध्ये, विसाव्या पिढीत, मधुमेह झाला तो या दुसऱ्या शाखेतल्या एका मादीला. तिची लघवी वाढली, लघवीतून साखर जाऊ लागली आणि वजन झपाट्याने उतरलं. सुसुमु माकिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या वंशातून जो वाण उभा केला, तो १९८० साली जगापुढे आला. त्याचं नाव एनओडी, म्हणजे लठ्ठ नसलेला मधुमेही उंदीर. तोवरचे प्रयोगशाळेतले नावाजलेले मधुमेही उंदीर गलेलठ्ठ असत. हा मात्र सडपातळ होता आणि त्याचा आजार लहान मुलांना होणाऱ्या टाइप १ मधुमेहासारखा होता. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते, तो हा मधुमेह.

तीस आठवड्यांच्या वयापर्यंत या वाणाच्या ६० ते ८० टक्के माद्यांना मधुमेह होतो, नरांपैकी २० ते ३० टक्क्यांना. आता यात एक गंमत आहे. हे उंदीर जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ एकमेकांच्या प्रती असतात. पिंजरा एक, खाद्य एक, पाणी एक. तरी एक मादी पंधराव्या आठवड्यात आजारी पडते आणि तिची सख्खी बहीण म्हातारी होईपर्यंत ठणठणीत राहते. पिंजरे जितके स्वच्छ आणि जंतुमुक्त, तितकं आजाराचं प्रमाण वाढतं, हेही पुढे लक्षात आलं. म्हणजे एका प्रयोगशाळेतला आकडा दुसरीत जसाच्या तसा लागू होईल याची खात्री नाही.

या उंदराचं स्वादुपिंड कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर चौथ्या-पाचव्या आठवड्यापासूनच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांभोवती पांढऱ्या पेशींचा घोळका जमू लागलेला दिसतो. साखर मात्र बाराव्या आठवड्याच्या आधी सहसा चढत नाही. मधले दोन-तीन महिने बाहेरून काहीच कळत नाही. उंदीर खातो-पितो, साखरेची पट्टी रंग बदलत नाही. संशोधकाला रस असतो तो नेमका याच काळात, कारण औषध द्यायचं तर ते पेशी शिल्लक असतानाच द्यायला हवं. पण ग्रंथीत काय चाललंय हे बघायला ग्रंथी कापावी लागते, आणि ग्रंथी कापली की उंदीर संपला. त्याचं पुढे काय झालं असतं हे कायमचं अज्ञात राहतं. मग हाती उरतं ते रक्त. तेही किती? पंचवीस ग्रॅमच्या उंदराच्या अंगात जेमतेम दीड-दोन मिलिलिटर रक्त असतं, आणि एका वेळी त्याच्या दहाव्या हिश्शाहून जास्त काढलं तर त्याला सोसत नाही. त्यातून रक्तद्रव वेगळा करायचा म्हणजे हाती काही थेंब येणार. त्या थेंबांत शोधायची ती स्वप्रतिपिंडं, म्हणजे स्वतःच्याच शरीरातल्या प्रथिनांना चिकटणारी प्रतिपिंडं. कोविडनंतर घरोघरी पोचलेला शब्द वापरायचा तर अँटिबॉडीज, पण विषाणूऐवजी घरच्याच माणसांवर रोखलेल्या.

अशी प्रतिपिंडं असू शकतात हेच मुळात वैद्यकाला बराच काळ मान्य नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॉल एर्लिख यांनी शरीर स्वतःविरुद्ध विष बनवण्याची भीती बाळगतं, असा सिद्धांत मांडला आणि तो पुढच्या पिढ्यांनी जवळपास नियमासारखा धरला. त्याला तडा गेला १९५६ साली. अमेरिकेतल्या बफेलो इथे नोएल रोझ हा तरुण संशोधक अर्न्स्ट विटेब्स्की यांच्या हाताखाली सशांवर काम करत होता. विटेब्स्की एर्लिख यांच्याच शिष्यपरंपरेतले. सशाच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क सशालाच टोचल्यावर त्याच्या रक्तात थायरॉइडविरोधी प्रतिपिंडं तयार झाली, आणि ग्रंथी तपासली तेव्हा तीही पांढऱ्या पेशींनी भरलेली निघाली. त्याच वर्षी लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हाशिमोतो या थायरॉइडच्या आजाराच्या रुग्णांच्या रक्तात थायरोग्लोब्युलिन या थायरॉइडमधल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. हाशिमोतो यांनी या आजाराचं वर्णन १९१२ सालीच केलं होतं. चव्वेचाळीस वर्षं ग्रंथीतल्या त्या पांढऱ्या पेशी सगळ्यांना दिसत होत्या. त्या तिथे कुणावर चालून आल्या आहेत, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

आज आपल्याकडे पॅथॉलॉजी लॅबच्या थायरॉइड रिपोर्टवर 'अँटी-टीपीओ' अशी ओळ असते, ती याच वंशातली. त्या ओळीपुढचा आकडा लाल दिसला की घरात घबराट उडते. अमेरिकेत १९८८ ते १९९४ दरम्यान झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे १३ टक्के लोकांच्या रक्तात ही प्रतिपिंडं आढळली. थायरॉइड मंदावलेली माणसं मात्र ४.६ टक्के होती, आणि त्यातल्याही बहुतेकांचा दोष रक्ततपासणीतच काय तो दिसणारा, सौम्य. रक्तात खूण असणं आणि आजार असणं यांत केवढं अंतर असू शकतं, याचा हा चांगला नमुना. दारात अनोळखी चपला दिसल्या तर घरात कुणीतरी आलंय एवढंच कळतं. ते भांडायला आलंय की चहाला, हे चपला सांगत नाहीत.

हे अंतर मोजायला उंदीर कामी येतो. माणसाच्या रक्तात खूण सापडली तर त्याची ग्रंथी काढून बघता येत नाही, वाट बघावी लागते, तीही कधी दहा-वीस वर्षं. उंदराचा सगळा जन्मच दोन वर्षांचा. एकाच वयाच्या पन्नास माद्यांचं रक्त घ्यायचं, निम्म्यांच्या ग्रंथी तपासायच्या, उरलेल्यांना जगू द्यायचं आणि कोण आजारी पडतं ते लिहून ठेवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण एनओडी उंदराच्या बाबतीत इथेच बराच घोळ झाला.

माणसांत टाइप १ मधुमेहाची प्रतिपिंडं १९७४ पासून माहीत होती. १९९० मध्ये त्यांचं एक महत्त्वाचं लक्ष्य ओळखलं गेलं, ते म्हणजे जीएडी नावाचं एन्झाइम. पुढे आयए-२ नावाचं आणखी एक प्रथिन या यादीत आलं. साहजिकच उंदरातही तीच शोधली गेली, आणि ती सापडल्याचे निबंध धडाधड छापून आले. काही प्रयोगशाळांना मात्र ती सापडेनात. वाद इतका वाढला की शेवटी एक आंतरराष्ट्रीय तपासणी ठरली. रक्ताच्या नमुन्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक घातले आणि ते वेगवेगळ्या प्रयोगशाळांना पाठवले. कुठला नमुना एनओडीचा आणि कुठला साध्या निरोगी वाणाचा, हे तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. २००१ मध्ये निकाल छापला गेला. एनओडी उंदराच्या रक्तात खात्रीने सापडली ती फक्त इन्सुलिनविरोधी प्रतिपिंडं. जीएडी आणि आयए-२ विरोधी म्हणून जे मोजलं जात होतं, ते त्या प्रथिनांना नेमकं ओळखून चिकटणारं नव्हतंच.

हे झालं कसं? बऱ्याच ठिकाणी वापरली जाणारी पद्धत एलायझाची होती. प्लास्टिकच्या थाळीतल्या छोट्या खळग्यांच्या तळाला प्रथिन चिकटवायचं, वर रक्तद्रव ओतायचा, धुवायचा, आणि जे चिकटून राहिलं ते रंगाने मोजायचं. पण प्लास्टिकला चिकटताना प्रथिनाची घडी विस्कटू शकते, आणि एरवी आत दडलेला भाग उघडा पडतो. त्यात एनओडी उंदराच्या रक्तातली काही प्रतिपिंडं जात्याच चिकट असतात, समोर येईल त्याला थोडी थोडी लागतात. रंग उमटतो, आकडा येतो, निबंध लिहिला जातो. याला उपाय होता. प्रथिनाला किरणोत्सारी खूण लावून ते द्रवातच मोकळं ठेवायचं, म्हणजे त्याची घडी शाबूत राहते. त्यावर एक कसोटीही लावायची. त्याच नळीत बिनखुणेचं प्रथिन भरपूर ओतलं की खरं प्रतिपिंड त्याच्याकडे वळतं आणि आकडा घसरतो. आकडा घसरला नाही, तर प्रतिपिंड खोटं. ही पडताळणी न करता काढलेल्या स्वप्रतिपिंडांच्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही, मग तो उंदराचा असो की माणसाचा.

डेनव्हरमध्ये जॉर्ज आयझेनबार्थ यांच्या गटाने ही द्रवातली पद्धत इतकी बारीक केली होती, की काही मायक्रोलिटर रक्तद्रवात काम भागावं. त्यामुळे एकाच उंदराचं रक्त पुन्हा पुन्हा तपासता येऊ लागलं. २००० साली त्यांनी जे छापलं ते लक्षात राहण्यासारखं आहे. आठव्या आठवड्यात ज्या सहा उंदरांच्या रक्तात इन्सुलिनविरोधी प्रतिपिंडं होती, त्यांतल्या पाचांना अठराव्या आठवड्यापर्यंत मधुमेह झाला. ज्या नऊ उंदरांच्या रक्तात ती नव्हती, त्यांतल्या एकालाच. एकूण उंदीर पंधरा! एवढ्याशा संख्येवर एरवी कुणी डोळे मिटून भरवसा ठेवू नये. पण त्याच निबंधात माणसाच्या बाळांचीही नोंद होती. वर्षाच्या आतच ज्या पाच बाळांच्या रक्तात ही प्रतिपिंडं टिकून राहिलेली दिसली, ती पाचही साडेतीन वर्षांची व्हायच्या आत मधुमेही झाली होती. उंदीर आणि बाळ दोघांमध्येही पहिली चाहूल इन्सुलिनविरोधी प्रतिपिंडांची, आणि ती जितकी लवकर तितका आजार लवकर.

मग हीच प्रतिपिंडं पेशी मारतात का? मधुमेहापुरतं उत्तर बहुधा नाही असंच आहे. इन्सुलिन हे मुळाशी असलेलं लक्ष्य आहे, हे २००५ मध्ये अगदी नेटक्या प्रयोगाने दिसलं. एनओडी उंदराची स्वतःची दोन्ही इन्सुलिन जनुकं काढून त्यांच्या जागी इन्सुलिनचं काम करणारा, पण एकच अमिनो आम्ल बदललेला रेणू बसवला, तर त्याला मधुमेह होत नाही. पण त्या लक्ष्यावर प्रत्यक्ष वार करतात त्या टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी. २००१ साली एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध झाली. जन्मजात दोषामुळे त्याच्या शरीरात प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशी जवळजवळ नव्हत्याच, तरी त्याला टाइप १ मधुमेह झाला होता. उंदरात गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. बी-पेशी नसलेले एनओडी उंदीर बहुतेक मधुमेहापासून वाचतात. पण तिथे बी-पेशींचं मोठं काम टी-पेशींना लक्ष्य दाखवून देण्याचं, असं दिसतं. थोडक्यात, रक्तातलं प्रतिपिंड इथे आजाराबरोबर चालतं, आजार घडवत नाही.

त्याच उंदराच्या तोंडात डोकावलं की हे उत्तर उलटं होतं. एनओडी उंदराच्या लाळग्रंथी आणि अश्रुग्रंथींतही पांढऱ्या पेशी जमतात आणि वयाबरोबर लाळ आटत जाते. ती मोजायची रीत साधी आहे. लाळ सुटायला पायलोकार्पिन टोचायचं, आणि दहा-एक मिनिटं तोंडातून टिपून घेतलेली लाळ मोजायची. माणसांतला याचा भाऊबंद म्हणजे श्योग्रेन आजार. स्वीडनच्या हेन्रिक श्योग्रेन या नेत्रतज्ज्ञाने १९३३ साली आपल्या प्रबंधात कोरडे डोळे असलेल्या १९ स्त्रियांचं वर्णन केलं. त्यांतल्या १३ जणींना सांधेदुखीचा आजारही होता. प्रबंधाला परीक्षकांनी फारसे चांगले गुण दिले नाहीत आणि अध्यापनाची वाट त्यांना बंद झाली. आज तो आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

फ्लोरिडातल्या संशोधकांनी १९९८ साली बी-पेशी नसलेले एनओडी उंदीर घेतले. त्यांच्या लाळग्रंथींत पांढऱ्या पेशी नेहमीसारख्याच जमल्या होत्या, पण लाळ छान वाहत होती. मग श्योग्रेनच्या रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं त्यांना टोचली, आणि लाळ घटली. ग्रंथीची नासधूस आणि ग्रंथीचं काम बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. मज्जातंतूंकडून येणारा 'लाळ सोड' हा निरोप ग्रंथीच्या पेशी ज्या ग्राहकावर घेतात, तो ग्राहकच काही प्रतिपिंडं अडवून बसतात असं इतर प्रयोगांतूनही दिसलं आहे. म्हणजे एकाच उंदरात, एकाच रक्तात, स्वादुपिंडाविरुद्धची प्रतिपिंडं निव्वळ खूण, आणि लाळग्रंथीविरुद्धची प्रत्यक्ष कारण.

कारण असूनही ती खूण म्हणून चांगली चालली असती, तर काम सोपं झालं असतं. ग्राहक अडवणारी प्रतिपिंडं मोजणं कठीण, म्हणून दवाखान्यात वेगळ्याच प्रतिपिंडांवर भिस्त आहे. २०१६ मध्ये अमेरिकी आणि युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून श्योग्रेनची जी गुणपद्धत ठरवली, तिच्यात रक्तातल्या रो-विरोधी (रो या प्रथिनाविरुद्धच्या) प्रतिपिंडांना ३ गुण आहेत आणि ओठाच्या आतून काढलेल्या छोट्या लाळग्रंथीच्या तुकड्यात पांढऱ्या पेशींचे पुंजके सापडले तर त्यालाही ३. डोळ्यांच्या दोन तपासण्या आणि लाळेची एक, यांना प्रत्येकी एकच गुण, आणि एकूण ४ झाले की आजार नक्की धरायचा. म्हणजे रक्ताची खूण नसेल तर ओठ कापून घेण्यावाचून फारसा इलाज नाही. रो-विरोधी प्रतिपिंडं बऱ्याच रुग्णांत नसतात, शिवाय ती ल्यूपससारख्या दुसऱ्या आजारांतही सापडतात.

ही उणीव आधीपासूनचीच, म्हणून उंदरांकडे पुन्हा वळणं झालं. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी थायमस काढलेल्या एका खास वाणाच्या उंदरांत अल्फा-फोड्रिन या प्रथिनाच्या तुकड्याविरुद्ध प्रतिपिंडं दाखवली. ती रुग्णांतही दिसली आणि मोठा गाजावाजा झाला. पुढे इतरांनी तपासलं तेव्हा आकडे जुळेनात, आणि ती खूण मागे पडली. २०१२ साली बफेलोमधूनच, रोझ-विटेब्स्कींच्या गावातून, नवी यादी आली. जनुक-बदल केलेल्या उंदरांत लाळेतल्या तीन प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं सापडली होती: एसपी-१, सीए-६ आणि पीएसपी. ती रो-विरोधी प्रतिपिंडांच्या आधी दिसत होती, आणि उंदरांच्या आणखी दोन वाणांतही दिसली. रुग्णांपैकी ज्यांच्या रक्तात रो आणि ला या दोन्ही नेहमीच्या खुणा नव्हत्या, अशांपैकी ४५ टक्क्यांत ही नवी प्रतिपिंडं होती. त्यावरून चाचणी बाजारातही आली. पुढचे निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत, आणि गुणपद्धतीत त्यांना अजून जागा मिळालेली नाही. मला यात निराश होण्यासारखं काही दिसत नाही. उंदरात 'आधी' म्हणजे काय हे ग्रंथी उघडून ठरवता येतं. माणूस दवाखान्यात येतो तोच तोंड कोरडं पडल्यावर. मग त्याच्या बाबतीत आजाराच्या आधीचं रक्त आणायचं कुठून?

थायरॉइडसाठीही एनओडी वाणाचा एक चुलतभाऊ आहे. त्याच्या पाण्यात थोडं सोडियम आयोडाइड घातलं की आठ आठवड्यांत जवळजवळ सगळ्यांच्या थायरॉइडमध्ये पांढऱ्या पेशी शिरतात, आणि थायरोग्लोब्युलिनविरोधी प्रतिपिंडांची पातळी ग्रंथीच्या बिघाडाबरोबर चढते. तिथे रक्ताचा आकडा बघून बिघाड किती हे बऱ्यापैकी सांगता येतं. इतकं सरळ नातं इतर ग्रंथींत क्वचितच सापडतं.

मधुमेहाच्या बाबतीत मात्र उंदीर आणि रक्ताची खूण यांची वाट शेवटी एका औषधापाशी एकत्र आली. नुकताच मधुमेह झालेल्या एनओडी उंदरांना टी-पेशींवरच्या सीडी-३ या रेणूला चिकटणारं प्रतिपिंड थोडे दिवस दिलं तर आजार मागे हटतो, असं पॅरिसमध्ये ल्युसिएन शातनू यांच्या गटाने १९९४ मध्ये दाखवलं होतं. एनओडी उंदराला वाचवणारे उपाय शंभराहून अधिक छापून आले आहेत आणि त्यांतले बहुतेक माणसापर्यंत पोचता पोचता विरले, त्यामुळे या निबंधाकडेही साशंकतेने बघणं रास्तच होतं. पण हा उपाय टिकला. माणसासाठी केलेल्या त्याच्या आवृत्तीचं नाव टेप्लिझुमॅब. टाइप १ मधुमेही व्यक्तींच्या ७६ नातेवाइकांवर त्याची चाचणी झाली. त्यांच्या रक्तात दोन किंवा अधिक प्रकारची स्वप्रतिपिंडं होती, साखर किंचित बिघडलेली होती, पण मधुमेह झालेला नव्हता. २०१९ मध्ये निकाल आला. दोन आठवड्यांच्या एका औषधोपचाराने मधुमेहाची सुरुवात सरासरी दोन वर्षं पुढे गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने आठ वर्षांवरच्या अशा मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी त्याला मान्यता दिली.

आता अडचण अशी की औषध कुणाला द्यायचं हे ठरवायला आधी स्वप्रतिपिंडं शोधायला हवीत, आणि टाइप १ मधुमेह होणाऱ्या बहुतेक मुलांच्या जवळच्या नात्यात तो कुणालाही नसतो. म्हणजे सरसकट सगळ्यांचं रक्त तपासायला हवं. त्यातून खोट्या खुणा किती निघतील, खरी खूण असलेल्या पण पुढे अनेक वर्षं काहीच न होणाऱ्या मुलांच्या आईबापांना काय सांगायचं, खर्च कुणी करायचा, हे सगळे प्रश्न उघडे आहेत. इटलीने सप्टेंबर २०२३ मध्ये कायदाच केला: १ ते १७ वर्षांच्या मुलांची टाइप १ मधुमेह आणि सीलिअॅक आजार या दोन्हींसाठी देशभर चाळणी करायची.